शब्दाचं मूळ कसं शोधायचं? चावी, किल्ली आणि कुलूप घेऊन एक धडा

व्हॉट्सअ‍ॅपवर दर महिन्याला एक तरी फॉरवर्ड येतोच, अमुक इंग्लिश शब्द मूळचा संस्कृत, तमुक शब्द आपल्याकडून चोरला, आणि पुरावा काय तर दोन्ही ऐकायला सारखे वाटतात. ऐकायला सारखं वाटणं हा सगळ्यात कच्चा पुरावा आहे. शब्दाचं मूळ घरबसल्या बऱ्यापैकी शोधता येतं, भाषाशास्त्राची डिग्री लागत नाही, फक्त थोडी शिस्त लागते आणि "मला वाटतं" हे वाक्य जरा वेळ बाजूला ठेवावं लागतं. पद्धत नुसती सांगून कळत नाही म्हणून एक शब्द घेऊनच दाखवतो. शब्द घेऊया चावी. घरातलाच आहे, सगळ्यांना माहितेय, आणि त्याच्या आजूबाजूला इतके खड्डे आहेत की शिकायला एकदम बेस्ट.

आधी सगळे भाऊबंद कागदावर घ्या

कोश लगेच उघडू नका. पहिलं काम म्हणजे त्या वस्तूला आपल्याकडे काय काय म्हणतात ते लिहून काढा. चावी आहे, किल्ली आहे, हिंदीतून ऐकलेली कुंजी आहे. जोडीला कुलूप आणि टाळं. मग हे शब्द कुठे कुठे वापरतो ते लिहा, कारण वापर बघितला की शब्दाचं वय थोडं थोडं कळायला लागतं. यशाची गुरुकिल्ली म्हणतो, गुरुचावी कोणी म्हणत नाही. घड्याळाला किल्लीही देतात आणि चावीही. पण डुप्लिकेट चावी, गाडीची चावी, आणि मुंबईत महापालिकेचा चावीवाला, जो ती लांब लोखंडी टी-आकाराची चावी घेऊन येतो, रस्त्यातलं झाकण उघडून आत घालतो आणि गल्लीतलं पाणी सोडतो. त्याला किल्लीवाला म्हटलेलं मी तरी ऐकलेलं नाही. आणि "त्याला कुणीतरी चावी दिलीय" म्हणजे फूस लावलीय, हा अर्थ वेगळाच.

यावरून एक अंदाज बांधता येतो की किल्ली हा जुना रहिवासी असावा आणि चावी नंतर आलेली. जुने शब्द सुभाषितात, सामासिक शब्दांत, भारदस्त जागी जाऊन बसतात, नवे शब्द बाजारात आणि कामावर फिरतात. हा फक्त अंदाज आहे बरं का, पुरावा नाही. पण कुठे खणायचं ते त्याने कळतं.

कोश कुठले आणि ते कसे वाचायचे

मराठीसाठी सुरुवात मोल्सवर्थपासून करा. पहिली आवृत्ती 1831 ची, सुधारलेली 1857 ची, आणि आज ती शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या साइटवर फुकट शोधता येते. शब्दाच्या पुढे कंसात एक अक्षर असतं, लोक ते बघतच नाहीत आणि खरा माल तिथेच असतो. एस म्हणजे संस्कृत, ए म्हणजे अरबी, पी म्हणजे पर्शियन अर्थात फारसी, एच म्हणजे हिंदी. मोल्सवर्थच्या हाताखाली शास्त्री मंडळी काम करत होती, त्यामुळे संस्कृतचा शिक्का कधीकधी जरा सढळ हाताने मारलाय असं माझं मत आहे, तेव्हा एस दिसला की लगेच समाधान मानू नका.

त्याच साइटवर दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आहे, 1932 ते 1938 मध्ये सात खंडांत निघालेला. बोलीतले शब्द, म्हणी, जुन्या कागदांतले दाखले यासाठी त्याला पर्याय नाही. संस्कृतातून प्राकृतात आणि तिथून आजच्या भाषांत शब्द कसा आला हे बघायला टर्नरचा भारतीय-आर्य भाषांचा तुलनात्मक कोश, तोही तिथेच. फारसी-अरबीचा संशय आला तर माधव जूलियन यांचा 1925 चा फार्शी-मराठी कोश. नुसती मराठी व्युत्पत्ती हवी तर कृ. पां. कुलकर्णींचा व्युत्पत्तिकोश, 1946 चा.

आणि पोर्तुगीजचा वास आला तर एकच नाव, सेबाश्तियांव रोदोल्फो दालगादो. हा गोव्यातल्या आसगावचा, 1855 चा जन्म, धर्मगुरू, आणि भाषांचा अफाट जाणकार. आशियातल्या साधारण 50 भाषांमध्ये पोर्तुगीज शब्द कुठे कसे शिरले याचा त्याने 1913 साली कोश काढला, त्याचं इंग्लिश भाषांतर 1936 साली बडोद्याहून निघालं. आपल्या रोजच्या बोलण्यातले अर्धा डझन शब्द त्यात सापडले की माणूस जरा गप्पच होतो.

एक प्रॅक्टिकल टिप. शोधताना एकच स्पेलिंग टाकून "सापडत नाही" म्हणून सोडून देऊ नका. मोडी कागदांत ऱ्हस्व-दीर्घाचा फरक करत नसत, छापील कोशांत जुनं शुद्धलेखन असतं, अनुस्वार कुठेही असू शकतो. बादली नाही सापडली तर बालदी बघा. शेवटचं अक्षर काढून टाकून शोधा. हे कंटाळवाणं काम आहे पण निम्मे शोध इथेच लागतात.

शेजाऱ्यांकडे डोकावा

आता चावीचा नकाशा काढू. गुजरातीत चावी, कोकणीत चावी, हिंदीत चाबी, बंगालीत चाबी, तमिळमध्ये सावी. बंगालीत व चा उच्चार ब होतो, आणि तमिळमध्ये शब्दाच्या सुरुवातीचा च बोलताना स होतो, म्हणजे हे फरक त्या त्या भाषेच्या सवयीचेच आहेत, शब्द एकच. आणि विशेष म्हणजे तमिळला स्वतःचा शब्द आहेच, तिऱवुकोल, म्हणजे उघडायची काठी. मल्याळममध्ये ताक्कोल, त्यातही कोल म्हणजे काठीच.

मग गुजरातपासून बंगालपर्यंत, मधे तमिळनाडू धरून, आर्य भाषा नाही बघत, द्रविडी भाषा नाही बघत, एकच शब्द किनाऱ्या-किनाऱ्याने पसरलाय, आणि सगळीकडे जुना देशी शब्द असतानाही पसरलाय. संस्कृतातून आलेला शब्द असा वागत नाही, तो प्रत्येक भाषेत वेगवेगळा झिजतो. हात घ्या, बंगालीतही हात, पण पंजाबीत हत्थ आणि सिंधीत हथु. चावी मात्र सगळीकडे जवळपास कोरी करकरीत. म्हणजे शब्द तरुण आहे आणि बोटीने आलाय.

इथे एक खड्डा. तेलुगूत चावीला ताळंचेवी म्हणतात, आणि तेलुगूत चेवी म्हणजे कान! झालं, लगेच कोणीतरी गोष्ट रचणार की कुलपाचा कान पिरगाळते म्हणून चावी, आणि मराठी शब्द तेलुगूतून आला. तमिळकडे बघा की. तमिळमध्ये कान म्हणजे सेवी आणि चावी म्हणजे सावी, दोन वेगळे शब्द, वेगळे स्वर. म्हणजे कानाचा आणि चावीचा मुळात संबंध नाही. शेजारची एक भाषा विचारली की अशा गोष्टी दोन मिनिटांत कोसळतात, म्हणून कमीत कमी चार-पाच भाषा तपासल्याशिवाय काही ठरवायचंच नाही. मराठीतली घरगुती आवृत्तीही असतेच, "कुलपाला चावते म्हणून चावी". पण चावणे मधला च आणि चावीतला च बोलून बघा. बहुतेक जण चावणे, चोर यांत दातांजवळचा च काढतात आणि चावीत चहातला च काढतात. एकाच धातूची लेकरं असती तर असं झालं नसतं.

आणणारा माणूस शोधा

शब्द हवेतून येत नाही, कोणीतरी आणतं. चावीसाठी संशयित उघड आहे. वास्को द गामा कोळिकोडला 1498 मध्ये उतरला, गोवा पोर्तुगीजांनी 1510 मध्ये घेतलं, चौलला 1521 मध्ये कोट बांधायला सुरुवात केली, वसई 1534 च्या तहात मिळवली आणि ती 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी घेईपर्यंत त्यांच्याकडेच होती. बंगालात हुगळीलाही त्यांची वसाहत होती, 1632 मध्ये मुघलांनी उठवली. म्हणजे चावी शब्दाचा नकाशा आणि पोर्तुगीज ठाण्यांचा नकाशा एकमेकांवर ठेवा, बरोब्बर बसतात. चौलच्या खाडीपलीकडे कोर्लई गावात तर आजही पोर्तुगीजवर उभी राहिलेली एक मिश्र भाषा घराघरांत बोलतात, मराठीच्या मधोमध.

पोर्तुगीजमध्ये चावीला म्हणतात शाव्ह. हां, शाव्ह, च नाही. इथे बरेच जण अडकतात आणि म्हणतात बघा जुळत नाही. थांबा जरा. आजच्या लिस्बनमध्ये श आहे, पण 16 व्या शतकात तो उच्चार च होता, श नंतर झाला, आणि पोर्तुगालच्या उत्तरेकडच्या काही बोलींत च अजून शिल्लक आहे. चहाला पण ते आज शा म्हणतात, तेव्हा चा म्हणत होते. म्हणजे लिस्बनवाल्यांनी जो उच्चार टाकून दिला तो आपल्या सासूबाई कमरेला खोचून फिरत होत्या. उसना शब्द जुना उच्चार गोठवून ठेवतो, हे लक्षात ठेवा, म्हणून तुलना नेहमी त्या काळच्या उच्चाराशी करायची, आजच्या गूगल ट्रान्सलेटच्या बाईच्या आवाजाशी नाही.

अजून एक गोष्ट, आणि मला वाटतं शौकिया लोक सगळ्यात जास्त हीच विसरतात. उसना शब्द एकटा क्वचित येतो, टोळीने येतो. चावी पोर्तुगीज आहे असं म्हणायचं तर तिच्याबरोबरचे कोण? पगार, लिलाव, मिस्त्री, बालदी, घमेलं, पाव, फीत, कोबी, पाद्री. काय प्रकारचे शब्द आहेत बघा. गोदीवर, बांधकामावर, स्वयंपाकघरात, चर्चच्या आवारात रोज लागणारे. आपल्या देवाधर्माचे, नात्यागोत्याचे, शेतीच्या अवजारांचे नाहीत. म्हणजे ज्याच्याकडे आपला माणूस कामाला होता, त्याच्या वखारीतले आणि घरातले शब्द घेऊन तो संध्याकाळी परत आला. या टोळीत चावी चपखल बसते.

आवाजाचे नियम, म्हणजे खरा पुरावा

आता टोळी हातात आलीय तर तिचा उपयोग करू. पोर्तुगीज शब्दाच्या शेवटी हलका ए असेल तर मराठीत त्याचं काय होतं? बाल्दे चं बालदी, मेस्त्रे चं मेस्त्री आणि मग मिस्त्री, पाद्रे चं पाद्री, कोव्हे चं कोबी. आणि चाव्हे चं चावी. पाचही ठिकाणी ई. एकदा झालं तर योगायोग म्हणता येईल, पाच वेळा तेच झालं तर तो नियम. व्युत्पत्ती सिद्ध करायची म्हणजे हेच करायचं असतं, सारखेपणा दाखवायचा नसतो, फरक दाखवायचा आणि तो फरक दरवेळी तसाच होतो हे दाखवायचं.

दुसरा नियम, शेवटी नाकातून बोललेला आंव असेल तर? पांव चं पाव, लैलांव चं लिलाव. आता साबण घ्या. साबण पोर्तुगीज सबांव वरून आला असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं असतं. पण मग आपल्या नियमाने साबाव व्हायला हवा होता, शेवटचा ण कुठून आला? अरबी-फारसीत साबून आहेच, तिथून ण सरळ मिळतो. म्हणून मी साबण अरबी-फारसीच्या खात्यात टाकतो, काही जाणकार पोर्तुगीजच्या खात्यात टाकतात, टाकू देत. मजा म्हणजे मागे गेलं की दोन्ही वाटा लॅटिन सापो ला मिळतात, त्यामुळे भांडण फक्त कुठल्या दाराने आला एवढंच आहे.

पोर्तुगीजच्या पाठीमागेही नियमच आहेत. चाव्हे आलं लॅटिन क्लाविस पासून. क्ल चा च कसा झाला? लॅटिनमध्ये सुरुवातीला क्ल, प्ल, फ्ल असेल तर जुन्या पोर्तुगीजमध्ये तिन्हींचा च व्हायचा. पाऊस लॅटिनमध्ये प्लुविया, पोर्तुगीजमध्ये चुवा. ज्योत लॅटिनमध्ये फ्लाम्मा, पोर्तुगीजमध्ये चामा, इंग्लिश फ्लेम तिचीच बहीण. हाक मारणे लॅटिनमध्ये क्लामारे, पोर्तुगीजमध्ये चामार, आणि इन्शुरन्सचा क्लेम त्याचाच सख्खा नातलग. हे सगळे च आज श झालेत ते वर सांगितलंच. स्पॅनिशने त्याच शब्दांचं य-ल्य सारखं काहीतरी केलं, यावे, युविया, यामा. इटालियनने क्यावे, प्योज्जा, फ्याम्मा. फ्रेंचने क्ले ठेवलं. प्रत्येक पोराने आईचे दागिने वेगळ्या सोनाराकडे मोडले, पण ज्याने त्याने आपला सोनार बदलला नाही, म्हणून हिशोब लागतो.

क्लाविसची आपल्याकडची बाकीची पिल्लं

मुळापर्यंत पोचलात की वरच्या वर उडी मारून परत खाली उतरा, दुसऱ्या फांद्यांवरून. हा भाग निव्वळ करमणुकीचा आहे पण सोडू नका. क्लाविस म्हणजे चावी, क्लाविकुला म्हणजे छोटी चावी, आणि त्यावरून गळ्याखालचं हाड क्लॅव्हिकल. क्रिकेटर पडला की मोडतं ते. कुम क्लावे म्हणजे चावीसकट, कुलूपबंद खोली, त्यावरून कॉन्क्लेव्ह. पोप निवडायला कार्डिनल लोकांना आत कोंडतात ती सभा, आणि ती कोंडायची पद्धत रीतसर नियमात बसली 1274 मध्ये, कारण त्याआधी विटेर्बो गावात 1268 पासून 1271 पर्यंत पोपची निवडणूक संपेचना. आज न्यूज चॅनलवाले पंचतारांकित हॉटेलात सगळे दरवाजे सताड उघडे ठेवून कॉन्क्लेव्ह भरवतात तो भाग वेगळा.

हॉस्पिटलात अवजारं निर्जंतुक करायचं ऑटोक्लेव्ह म्हणजे स्वतःच स्वतःला कुलूप लावणारं भांडं, आतल्या वाफेनेच झाकण घट्ट बसतं. आणि पुण्यात दर दोन गल्ल्यांआड एखादी सोसायटी असते ना, अमुक एन्क्लेव्ह, तोही चावीचाच वंशज, चहूबाजूंनी बंद केलेला तुकडा. वॉचमन गेटला चावी लावतो तेव्हा शब्दाने एक पूर्ण चक्कर मारलेली असते.

आणि इंग्लिश की? याच घरातला असणार असं वाटतं ना? नाही. तो जुन्या इंग्लिशमधला स्वतंत्र शब्द आहे, क्लाविसशी त्याचं काहीही नातं नाही. क सारखा आहे म्हणून काही होत नाही.

किल्लीचं काय मग

किल्लीने दोन सापळे लावून ठेवलेत. पहिला म्हणजे किल्ला. सुरा-सुरी, गाडा-गाडी, तसंच किल्ला-किल्ली दिसतं, मोठा आणि छोटी. पण किल्ला आला अरबी कलआ वरून, फारसीमार्गे, आणि किल्लीची वाट वेगळी. लिंगाची जोडी जुळली म्हणून लग्न लावायचं नसतं.

दुसरा सापळा जास्त मोहक आहे. फारसीत चावीला कलीद म्हणतात. मराठीत फारसी शब्दांची रेलचेल, कलीद-किल्ली ऐकायला जवळ, मग काय, झालंच की. पण कलीद मुळात फारसी नाहीच, ती ग्रीक क्लेइस, क्लेइदोस वरून आलेली, आणि तीच तुर्कीत जाऊन किलित झाली आणि तिथे अर्थच फिरला, किलित म्हणजे कुलूप. किल्लीचं मूळ मात्र संस्कृत कील, कीलिका यात सांगतात, म्हणजे खुंटी, पाचर. खीळ आणि खिळा त्याच घरातले. कन्नडमध्ये कीली, गुजरातीत खीली म्हणजे बारीक खिळा. घरातच जवळचं, अर्थाला धरून असलेलं मूळ मिळत असताना परदेशात पत्ता शोधायला जायचं नाही, हा नियम उलट्या बाजूनेही वापरा, म्हणजे परदेशी मूळ ढळढळीत समोर असताना ओढूनताणून संस्कृत धातू शोधायचा नाही.

पण खिळा आणि चावी यांचा अर्थाचा संबंध काय? तर पूर्वीची कुलपं आजच्यासारखी नव्हती, आतला अडसर खुंटीने किंवा आकड्याने ओढून-ढकलून सरकवायचा. आणि आता बघा, लॅटिनमध्ये क्लाविस म्हणजे चावी आणि त्याचाच भाऊ क्लावुस म्हणजे खिळा! संस्कृतात कुञ्चिका म्हणजे चावी, ती आली वाकणे या अर्थाच्या कुञ्च् वरून, शाळेत आकुंचन-प्रसरण घोकलं त्यातलं आकुंचन. म्हणजे वाकडा आकडा. हीच कुञ्चिका हिंदीत कुंजी झाली आणि समुद्र ओलांडून इंडोनेशियात कुंची झाली, आजही तिथे हॉटेलात रूमची कुंची मागतात.

म्हणजे कील वरून किल्ली आणि क्लावुस-क्लाविस, दोन्हीकडे खिळ्याच्या शेजारी चावी. मग कील आणि क्लावुस एकच का? मोह होतोच, क आणि ल दोन्हीत आहेत. पण स्वर जुळत नाहीत, पुढचा व गायब, आणि असाच बदल झालेली दुसरी एकही जोडी दाखवता येत नाही. आपण चावीला पाच साक्षीदार मागितले होते ना, मग इथेही मागायचे. नाही मिळाले तर म्हणायचं की वस्तू सारखी होती म्हणून दोघांना एकच कल्पना सुचली, नातं नाही. हे असं फार वेळा होतं, अर्थाचा प्रवास सारखा आणि शब्द परके.

अक्षरांची अदलाबदल: कुलूप

कुलूप थोडक्यात सांगतो पण एका कारणासाठी सांगायलाच हवं. अरबीत कुलपाला कुफ्ल म्हणतात. क, फ, ल. मराठीत कुलूप, क, ल, प. शेवटची दोन अक्षरं जागा बदलून बसली, आणि फ चा प झाला. याला वर्णविपर्यय म्हणतात आणि तो काही दुर्मीळ नाही, आपण रोज नुकसानचं नुस्कान आणि मतलबचं मतबल करतोच. तेव्हा कोशात शब्द सापडला नाही तर शेजारची दोन व्यंजनं उलटी करून एकदा शोधा, खरंच सापडतात.

याच कुफ्लचं फिरलेलं रूप कुल्फ, आणि त्यावरून कुल्फी. आइस्क्रीम आणि कुलूप यांचा काय संबंध ते कुल्फीवाल्याचा साचा बघितला की कळतं. निमुळता पत्र्याचा साचा, वरून घट्ट झाकण, फटीला कणीक लावून बंद केलेला, आणि मग मिठाच्या बर्फात रोवलेला. कुलूपबंदच आहे तो. कुल्फी हे त्या झाकणाच्या भांड्याचं नाव, पदार्थाला नंतर चिकटलं. तिकडे आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर स्वाहिलीत हेच कुफुली झालं, टांगायचं कुलूप. त्यांनी अक्षरं उलटी केली नाहीत, फक्त जोडाक्षर फोडून मधे उ आणि शेवटी इ घातला. एकाच अरबी शब्दाला दोन किनाऱ्यांवर दोन वेगळ्या अडचणी आल्या आणि दोघांनी आपापल्या परीने सोडवल्या.

तारखेची चाळणी

शेवटची तपासणी नेहमी तारखेची ठेवा. पोर्तुगीज 1498 च्या आधी इथे नव्हते, तेव्हा एखादा शब्द ज्ञानेश्वरीत, म्हणजे 1290 मध्ये सापडला तर तो पोर्तुगीज असूच शकत नाही, विषय बंद. जुन्या मराठीसाठी तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा 1999 चा कोश आहे, तोही शिकागोच्या साइटवर, त्यात शब्द आहे का ते बघायचं. उलटंही तपासा. बटाटा, मिरची, तंबाखू, अननस, काजू या वस्तू अमेरिकेतून आल्या, त्यामुळे कोणी प्राचीन ग्रंथात बटाट्याचा उल्लेख दाखवला तर त्या कंदाचं नाव नीट वाचा, दुसराच काहीतरी कंद निघेल. वस्तूचा इतिहास माहीत असेल तर शब्दाचं अर्धं काम झालेलं असतं.

आणि नोंद ठेवताना तीन रकाने करा, पक्कं, बहुतेक, आणि नुसता संशय. चावी पहिल्या रकान्यात, साबण दुसऱ्या. तिसरा रकाना सगळ्यात लांब होणार आहे, होऊ दे. तिसऱ्यातलं उचलून फेसबुकवर पहिल्यातलं म्हणून टाकायचं नाही एवढंच.

आता तुम्ही करून बघा. दोन शब्द देतो. पहिला सोपा, पगार. पोर्तुगीजमध्ये पगार म्हणजे पैसे देणे, त्याच्या मागे लॅटिन पाकारे, म्हणजे शांत करणे. आता इंग्लिश पे आणि पॅसिफिक महासागर कुठे बसतात ते शोधा, आणि ज्याचे पैसे देणं लागतो त्याला शांत करायचा उपाय काय होता तेही कळेल.

दुसरा तुरुंग. याचा धागा पोर्तुगीज त्रोंको कडे जातो, त्याचा साधा अर्थ झाडाचं खोड. खोडापासून कैदखान्यापर्यंत अर्थ कसा गेला ते अडलं तर लॅटिनमध्ये जाऊ नका, दाते-कर्व्यांच्या कोशात खोडा हा शब्द काढा आणि कैद्याचे पाय कशात अडकवायचे ते वाचा.